कॅमेरा मंचावरून खाली आणा

उत्तर अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस, विश्वस्तांस आणि सभासदांस,

स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या प्रत्येक मंडळात खर्चाची यादी निघते. हॉलचं भाडं, ध्वनिव्यवस्था, जेवण, भारतातून येणाऱ्या कलाकारांची तिकिटं, आणि अलीकडे न चुकता ‘फोटो व व्हिडिओ’ अशी एक ओळ. मला त्या ओळीबद्दल बोलायचं आहे. आज आपल्याकडे पूर्वी कधी नव्हते इतके कॅमेरे आहेत आणि जवळजवळ सगळे मंचाकडे तोंड करून उभे असतात. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, लेझीम, ढोल-ताशा, पैठण्या. ज्या मराठी माणसांनी या देशात पन्नास-साठ वर्षं काढली, रात्रपाळ्या केल्या, दुकानं चालवली, दुसऱ्यांची मुलं सांभाळली, त्यांच्या घरी कॅमेरा घेऊन फार थोडे जण गेले आहेत. माझी मागणी अशी, की यंदापासून प्रत्येक मंडळाने या कामासाठी वेगळी रक्कम ठेवावी आणि दोन-तीन माणसांवर ते काम सोपवावं.

हे काम कसं करतात ते मला आपल्या लोकांनी शिकवलं नाही. ते मी पोर्तो रिकोच्या आणि मेक्सिकोच्या लोकांकडून शिकले, ज्यांच्या शेजारी आपण राहतो आणि ज्यांच्याविषयी आपल्या कार्यक्रमांत चकार शब्द निघत नाही. म्हणून पत्र लांबणार आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

फ्रँक एस्पाडा यांचा जन्म १९३० चा, पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या उतुआदो गावचा. १९३९ साली ते न्यूयॉर्कला आले. पुढे हवाई दलात भरती झाले. १९४९ च्या डिसेंबरात रजेवर घरी निघाले असताना मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावात त्यांना बसमध्ये मागे जाऊन बसायला सांगितलं गेलं. ते उठले नाहीत. आठवडाभर तुरुंगात काढावा लागला. बसमधली जागा सोडायला रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी दिलेल्या गाजलेल्या नकाराला तेव्हा अजून सहा वर्षं अवकाश होता. तो आठवडा आयुष्यातला सर्वांत चांगला आठवडा होता असं एस्पाडा नंतर सांगत, कारण जन्मभर काय करायचं ते त्यांना त्या कोठडीत उमगलं.

सैनिकांना मिळणाऱ्या शिक्षणमदतीतून ते छायाचित्रण शिकले. पण त्यावर घर चालेना, म्हणून विजेची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे त्यांनी कित्येक वर्षं नोकरी केली. साठच्या दशकात ब्रुकलिनच्या ईस्ट न्यूयॉर्क भागात त्यांनी लोकांना संघटित केलं: घरमालक दुरुस्ती करत नाही तोवर भाडं न भरणं, मतदारनोंदणी, शाळांचे प्रश्न. कॅमेरा होताच, पण तो कामाच्या जोडीला. माझ्या मते एस्पाडांच्या छायाचित्रांची खरी शाळा ही होती. जो माणूस थंडीत बंद पडलेल्या बॉयलरसाठी आपल्या बाजूने भांडला, त्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. त्याच्यासमोर कुणी केस सारखे करून, ठेवणीतलं हसू आणून बसत नाही.

१९७९ साली त्यांना नॅशनल एंडोमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेचं अनुदान मिळालं. पन्नाशीला टेकलेला हा माणूस अमेरिकेत विखुरलेल्या पोर्तोरिकन वस्त्या शोधत निघाला. चौतीस वस्त्या आणि दीडशेच्या घरात मुलाखती. मोठ्या शहरांतल्या चाळीवजा इमारती, शेतमजुरांच्या छावण्या, खुद्द पोर्तो रिको, आणि थेट हवाई बेटं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकाच वेळी दोन कामं केली. छायाचित्र काढलं आणि बोलणं ध्वनिमुद्रित केलं. चेहरा आणि आवाज एकाच दिवशी, एकाच माणसाकडून घेतला.

हवाईबद्दल जरा थांबून सांगते, कारण स्थलांतराचा इतिहास कसा हातातून निसटतो ते तिथे दिसतं. १८९८ साली स्पेनकडून पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात गेलं. पुढच्याच वर्षी, १८९९ च्या ऑगस्टमध्ये, सान सिरियाको नावाच्या चक्रीवादळाने बेटावर तीन हजारांहून जास्त माणसं मारली आणि डोंगरातली कॉफी भुईसपाट केली. उतुआदो हा त्याच कॉफीच्या पट्ट्यातला भाग. हवाईतल्या साखरमळ्यांच्या मालकांना मजूर हवे होते. त्यांनी या उपाशी माणसांना जहाजाने न्यू ऑर्लिन्सला, तिथून आगगाडीने पश्चिम किनाऱ्याला आणि पुन्हा जहाजाने होनोलुलूला नेलं. पहिली तुकडी १९०० च्या डिसेंबरात उतरली आणि पुढच्या वर्षभरात सुमारे पाच हजार माणसं, बायकापोरांसकट, तिथे पोचली. काही जण वाटेतच निसटून कॅलिफोर्नियात राहिले. जे मळ्यांवर गेले त्यांनी आपली गाणी आणि पास्तेलेस हा पानात गुंडाळून उकडलेला पदार्थ सोबत नेला. संगीताला तिथे ‘काची-काची’ असं नवं नाव मिळालं.

न्यूयॉर्कमधल्या पोर्तोरिकन मुलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आपला इतिहास म्हणजे युद्धानंतरची विमानं आणि ब्राँक्सच्या इमारती, एवढंच ठाऊक असलेल्या पिढीसमोर एस्पाडांनी ऊसमळ्यावरच्या लोकांचे चेहरे ठेवले. ऐंशी वर्षांनी का होईना, तेव्हा ज्यांचे आईबाप त्या जहाजातून उतरले होते अशी माणसं अजून हयात होती. आणखी पंधरा वर्षं उशीर झाला असता तर त्यांतली किती उरली असती? मला या सगळ्या कामात वेळेचा हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कला पुढेही करता येते, साक्षीदार मात्र थांबत नाहीत.

पुढचंही सांगायला हवं. चाळीसहून जास्त प्रदर्शनं झाली, पण या सगळ्या कामाचं पुस्तक निघायला २००६ साल उजाडलं. म्हणजे अनुदान मिळाल्यापासून सत्तावीस वर्षं. २०१४ च्या फेब्रुवारीत एस्पाडा कॅलिफोर्नियात वारले. त्यांचे चिरंजीव मार्टिन एस्पाडा आज अमेरिकेतले नावाजलेले कवी आहेत आणि वडिलांवर त्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. ती छायाचित्रं स्मिथसोनियनमध्ये आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कागदपत्रं ड्यूक विद्यापीठाने जपली आहेत. मधल्या काळात ते सगळं एका घरात, एका कुटुंबाच्या भरवशावर राहिलं होतं. असं प्रत्येक घर ते जपू शकत नाही.

याच्या उलट उदाहरणही द्यायला हवं. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोतून शेतमजूर करारावर आणले. त्यांना ब्रासेरो म्हणत. पंचेचाळीस लाखांहून अधिक करार झाले. १९५६ साली लेनर्ड नडेल नावाच्या छायाचित्रकाराने टेक्सासच्या सीमेवरच्या भरतीकेंद्रांत चित्रं घेतली: उघड्या अंगाने रांगेत उभे केलेले पुरुष आणि त्यांच्या तोंडावर डीडीटी फवारणारा मुखवट्यातला कर्मचारी. नडेल यांची चित्रं नसती तर हे कुणी मान्य केलं नसतं, एवढं त्यांचं मोल आहे. पण बहुतेक चित्रांखाली त्या माणसांची नावं नाहीत, आणि ते काय बोलले तेही नाही. ब्रासेरोंचे आवाज पद्धतशीरपणे गोळा करायला एकविसावं शतक यावं लागलं. तोवर कित्येक जण गेले होते, आणि जे होते ते ऐंशीच्या पुढचे. एस्पाडांनी आवाज आणि चेहरा सोबत घेतला, त्याचं मोल या दोन कामांना शेजारी ठेवलं की कळतं.

दुसरं नाव हिराम मारिस्तानी यांचं. १९४५ चा जन्म, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधला, ज्याला तिथले लोक एल बारिओ म्हणतात. एस्पाडा देशभर हिंडले, तर मारिस्तानींनी बहुतेक आयुष्य आपल्याच गल्ल्यांकडे पाहण्यात घालवलं. १११ वा रस्ता आणि आजूबाजूचे चौक. साठच्या दशकात वर्तमानपत्रांना ईस्ट हार्लेम आठवायचं ते खून, आग नाहीतर गर्द यांच्यामुळे. मारिस्तानींच्या चित्रांत उन्हाळ्यात अग्निशमनाचा नळ उघडून भिजणारी पोरं आहेत, गच्चीवरून पतंग उडवणारी माणसं आहेत, पायऱ्यांवर बसलेल्या बायका आहेत. गरिबी दिसते, कुठेही लपवलेली नाही. पण ती पाहणाऱ्याकडे दयेसाठी हात पसरत नाही.

१९६९ च्या उन्हाळ्यात याच वस्तीत यंग लॉर्ड्स या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेची न्यूयॉर्क शाखा उभी राहिली. मूळ संघटना शिकागोची, आणि प्रेरणा ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची. तीच प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ईस्ट हार्लेममधल्या या विशीतल्या पोरांनी लोकांना विचारलं, सगळ्यांत मोठा त्रास कशाचा? उत्तर आलं, कचऱ्याचा. पालिकेच्या गाड्या श्रीमंत वस्त्यांत नेमाने जात, इथे कचरा सडत पडे. पोरांनी स्वतः झाडायला घेतलं, सफाई खात्याकडे झाडू मागितले, ते मिळाले नाहीत. मग त्यांनी साठलेला सगळा कचरा ओढून थर्ड अॅव्हेन्यूवर आडवा टाकला आणि पेटवून दिला. वाहतूक बंद. तेव्हा कुठे शहराने दखल घेतली.

त्यानंतरच्या वर्षभरात काय काय घडलं! रंगातल्या शिशामुळे आजारी पडणाऱ्या मुलांची घरोघरी तपासणी, मुलांना मोफत न्याहारी, डिसेंबरात वस्तीतल्या चर्चचा ताबा घेऊन तिथे अकरा दिवस चालवलेली शाळा आणि दवाखाना, आणि १९७० च्या जूनमध्ये क्षयाच्या तपासणीची एक्स-रे गाडी पळवून वस्तीत आणून उभी केली. चर्चमधून १०५ जणांना पोलिसांनी धरून नेलं. या सगळ्यात मारिस्तानी कॅमेऱ्यामागे होते, आणि संघटनेचे संस्थापक सभासदही होते. त्यामुळे त्यांच्या चित्रांत भाषण करणारा नेता जितका दिसतो तितकीच गर्दीतली आजीही दिसते. पुढे ते वस्तीतल्या एल म्युझिओ देल बारिओ या संग्रहालयाचे संचालकही झाले.

२०१९ साली या घटनांना पन्नास वर्षं झाली. मिगेल लुसियानो या कलावंताने मारिस्तानींची छायाचित्रं मोठी करून, ती जिथे काढली होती त्याच जागांच्या आसपास ईस्ट हार्लेमच्या भिंतींवर लावली. मोक्याच्या जागा आता महाग झाल्या आहेत आणि जुनी कुटुंबं बाहेर फेकली जात आहेत, तेव्हा भाडेकरूंची नवी पिढी त्या रस्त्यावरून जाताना पन्नास वर्षांपूर्वी तिथेच काय घडलं ते पाहत होती. संग्रहालयाचं तिकीट नको, आमंत्रणपत्रिका नको. मारिस्तानी तेव्हा हयात होते. २०२२ च्या मार्चमध्ये ते गेले.

आता लॉस एंजेलिस. २९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मेक्सिकन-अमेरिकनांचा प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांनी तो उधळला. त्या दुपारी रुबेन सालाझार हा पत्रकार सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसला असताना शेरिफच्या माणसाने आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्यात लागून मेला. ‘ला रासा’ या वस्तीतल्या नियतकालिकाचे राउल रुइझ समोरच्या बाजूला होते. दारावर रोखलेली बंदूक त्यांच्या कॅमेऱ्यात आली. ती चित्रं छापली गेली, चौकशीत दाखवली गेली. कुणावरही खटला भरला गेला नाही, हे खरं. तरी अधिकृत निवेदन एकटं उभं राहू शकलं नाही, तेही त्या चित्रांमुळेच. ‘ला रासा’च्या छायाचित्रकारांनी पंचवीस हजारांहून जास्त चित्रं काढली आणि कित्येक दशकं स्वतःजवळ सांभाळली. आज ती लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, अभ्यासकेंद्रात आहेत आणि २०१७ साली त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

त्याच शहरात ग्वादालुपे रोझालेस यांनी २०१५ साली इन्स्टाग्रामवर एक साधं आवाहन केलं: नव्वदच्या दशकातल्या आपल्या तरुणपणाचे घरातले फोटो पाठवा. आल्बममधले, पाकिटातले, मागे पेनाने नावं लिहिलेले. त्यातून पूर्व लॉस एंजेलिसच्या चिकाना मुलींचा असा संग्रह उभा राहिला, जो कुठल्याही विद्यापीठाने केला नव्हता. कॅमेराही लागला नाही. ज्या मंडळांना ‘आमच्याकडे छायाचित्रकार नाही’ असं म्हणायचं असेल त्यांच्यासाठी हे सांगितलं.

आता आपल्याकडे वळते.

१९६५ च्या ऑक्टोबरात नवा स्थलांतर कायदा झाला म्हणून आपण इथे आलो. त्याआधी भारतासाठी वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात झाला, म्हणजे बिलॉक्सीच्या बसमध्ये न उठणाऱ्यांच्या पुण्याईवर. पहिल्या लाटेत आलेली मराठी माणसं आता ऐंशी-पंच्याऐंशीची आहेत. एस्पाडा हवाईला पोचले तेव्हा तिथली साक्षीदार पिढी जिथे होती, तिथे आज आपली आहे.

आमच्याच भागातले एक काका दोन वर्षांपूर्वी गेले. इंजिनिअर, १९६८ साली आलेले. त्यांच्याकडे कोडॅक्रोमच्या स्लाइड्सचे डबे होते: पहिलं अपार्टमेंट, बर्फातली पहिली दिवाळी, तळघरात भरलेली मराठी शाळा, कामावरून काढल्यावर भाड्याने घेतलेला पेट्रोलपंप. मुलं वेगवेगळ्या राज्यांत, घर विकायला काढलेलं. डंपस्टर आला, डबे गेले. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ते घ्यायला कुणी तयार आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. मंडळाने श्रद्धांजलीची सभा घेतली, स्मरणिकेत पान काढलं, आणि त्या पानावर छापायला फोटो मिळाला तो गणपतीत पाहुण्यांना हार घालतानाचा.

मराठी माणसाचं परदेशातलं आयुष्य एखाद्या छायाचित्रकारामुळे कसं टिकतं याचं एक उदाहरण आपल्याकडे आहे, आणि तेही लॅटिन अमेरिकेतलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, विसाव्या शतकाच्या विशीत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. तेव्हा मेक्सिकोत काम करणाऱ्या टिना मोदोत्ती यांनी खानखोज्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रं घेतली, चित्रकार डिएगो रिव्हेरांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. मेक्सिकोने आपला एक माणूस पाहिला आणि नोंदवून ठेवला. आज न्यू जर्सीत, ह्यूस्टनमध्ये, टोरांटोत आपण एकमेकांना तेवढंही पाहत नाही.

काम कसं करावं याबद्दल माझी ठाम मतं आहेत, ती लिहिते. यशस्वी माणसांपासून सुरुवात करू नका. डॉक्टर, उद्योजक, नासातले शास्त्रज्ञ यांची चरित्रं लिहायला लोक आहेत. ज्या नर्सने पंचवीस वर्षं रात्रपाळी केली, जो टॅक्सी चालवायचा, ज्या बाई डब्यांचा धंदा करून मुलांना कॉलेजात घालत्या झाल्या, ज्यांना नवऱ्याच्या व्हिसावर येऊन दहा वर्षं कामाची परवानगी मिळाली नाही, मुलांकडे आलेले आणि दिवसभर घरात एकटे बसणारे आईवडील, त्यांच्याकडे आधी जा. जातीमुळे ज्यांना मंडळात परकं वाटलं, त्यांच्याकडे तर जाच, आणि त्यांनी जे सांगितलं ते गाळू नका. बसा, चहा घ्या, बोलतं करा, मग कॅमेरा काढा. स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, जिथे ते रोज असतात तिथेच फोटो घ्या. नाव, गाव, साल आणि चित्रातल्या प्रत्येकाचं नातं त्याच दिवशी लिहून काढा. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या कुटुंबाला, एक मंडळाला आणि एक बाहेरच्या संग्रहाला द्या. फिलाडेल्फियाची साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह ही संस्था २००८ पासून नेमकं हेच काम करते आहे. मंडळाच्या अध्यक्षाच्या लॅपटॉपवर ठेवलेलं काहीही पुढच्या निवडणुकीपलीकडे टिकत नाही, हे आपण सगळे जाणतो.

संमतीच्या बाबतीत मात्र एस्पाडांच्या काळापेक्षा आपल्याला जास्त जपावं लागेल. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. चेहरा छापला म्हणून त्यांना कुणी देशाबाहेर काढणार नव्हतं. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये गाड्या धुण्याच्या ठिकाणांवर आणि दुकानांच्या वाहनतळांवर छापे पडले, आणि रस्त्यावरचा एक फोटो एखाद्या कुटुंबावर काय आणू शकतो ते सगळ्यांनी पाहिलं. हे फक्त ‘त्यांचं’ दुखणं आहे असं समजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानातून बेड्या घालून जे १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. ते मराठी नव्हते का? आपल्या एका तरी अधिवेशनात त्यांचा उल्लेख झाला का? अशा माणसांचा आवाज घ्यावा, चेहरा घेऊ नये, नाव त्यांनी सांगितलं तरच लिहावं, आणि त्यांनी नंतर नको म्हटलं तर पुसून टाकावं. चित्र चांगलं आलं म्हणून या नियमाला अपवाद करायचा नाही.

पैशाचं बोलते. एस्पाडांना ज्या संस्थेने अनुदान दिलं, तिने २०२५ च्या एप्रिलमध्ये देशभरची एक हजाराहून जास्त चालू अनुदानं एका फटक्यात रद्द केली. छोटी संग्रहालयं, गावांचे इतिहास, ध्वनिमुद्रणाचे प्रकल्प मध्येच बंद पडले. आता सरकार आपला इतिहास जपेल या आशेवर राहता येणार नाही, लॅटिनोंनाही नाही आणि आपल्यालाही नाही. आपल्याकडे पैसा आहे. एका कलाकाराच्या बिझनेस क्लासच्या तिकिटात दहा-वीस मुलाखती, त्यांचं स्कॅनिंग आणि साठवण सहज होते. हे मी कलाकारांच्या विरोधात म्हणत नाही. नाटक यावं, गाणं यावं, मी स्वतः पहिल्या रांगेत असते.

आणि शेजाऱ्यांकडे जा. नेवार्कच्या सार्वजनिक वाचनालयात न्यू जर्सीतल्या पोर्तोरिकन समाजाचा संग्रह आहे. तो साध्या लोकांच्या, संघटनांच्या कागदांतून आणि मुलाखतींतून उभा राहिला आहे. तो सांभाळणाऱ्यांना आपल्या एखाद्या रविवारी बोलवा, मानधन द्या, आणि प्रश्न विचारा. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात पोर्तोरिकन अभ्यासाचं केंद्र १९७३ पासून आहे, तिथे आपल्या मराठी शाळेच्या मोठ्या मुलांना घेऊन जा. आपल्या हॉलमध्ये एखाद्या लॅटिनो छायाचित्रकाराचं प्रदर्शन लावा, गणपतीच्या दिवसांत लावा, जेव्हा दीड-दोन हजार माणसं येतात. त्यांनी आपल्याआधी ही वाट काढली. त्या वाटेने जाताना त्यांची ओळख करून घेणं एवढं तरी आपल्याकडून व्हायला हवं.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी विनंती मी आमच्या मंडळाकडे लेखी केली आहे, तशी आपणही आपापल्या मंडळाकडे करावी. ध्वनिमुद्रक माझ्याकडे आहे, शनिवार मी देऊ शकते, आणि आमच्या गावातल्या दोन कॉलेजच्या मुलांनी फोटो काढायची तयारी दाखवली आहे. पहिल्या मुलाखतीसाठी एक बाई तयार आहेत. १९७१ साली नर्स म्हणून मिरजेहून आलेल्या, सगळी नोकरी रात्रपाळीची. पुढच्या महिनाअखेरीस त्या घर सोडून टेक्सासला मुलीकडे कायमच्या राहायला जाणार आहेत. म्हणून बैठक गणेशोत्सवानंतर न ठेवता त्याआधी घ्यावी, निदान पहिल्या मुलाखतीच्या खर्चाला तरी मंजुरी द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मध्य न्यू जर्सीतली एक आजीव सभासद